पाझर तलावात पोहायचंय? आधी तो कोरडा कसा दिसतो ते विचारा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात तुम्ही टँकवर रोज १ किलोमीटर पोहता. दिवाळीत माण तालुक्यात सासरी जाणार आहात. गावाबाहेर बहात्तरच्या दुष्काळात बांधलेला पाझर तलाव आहे आणि यंदा तो सांडव्यावरून वाहिलाय. १४ वर्षांची मुलगी टँकमध्ये चांगली पोहते, १० वर्षांचा मुलगा अजून शिकतोय, यजमानांना पोहता येत नाही. सासरे म्हणतात, आम्ही सगळे तिथंच शिकलो, खुशाल जा. सासूबाई म्हणतात, पाण्याच्या वाटेला जायचं नाही. आणि तुम्ही विचारलंय, मुलांना लाइफ जॅकेट घातलं तर पुरे होईल का?

मी शेजारच्या तालुक्यात २६ वर्षं पोहायला शिकवतो, सुरुवातीला विहिरीत आणि आता बहुतेक तलावात. आसपास कुठं कुणी बुडालं की पोलीसपाटील ज्या चार-पाच जणांना बोलावतात त्यांत मी असतो. त्या अनुभवावरून सांगतो. तुम्ही स्वतःच्या पोहण्याविषयी सात-आठ ओळी लिहिल्यात आणि तलावाविषयी एकच, की तो भरलाय. माझ्या मते खरा प्रश्न तिथं आहे. मी बाहेर काढलेल्यांमध्ये पोहता येणारे बरेच होते. पोहणं त्यांना येत होतं, पाण्याखाली काय आहे ते ठाऊक नव्हतं.

तलाव न बघता "जा" किंवा "नका जाऊ" असं मला सांगता येणार नाही. एकाच गावातले दोन तलाव सारखे नसतात आणि एकच तलाव दोन वर्षं सारखा राहत नाही. पण काय बघायचं आणि का, ते सांगतो.

आधी सासऱ्यांचं म्हणणं घेऊ. ते खरंच बोलतायत, पण ते ज्या तलावात शिकले तो तलाव आता राहिलेला नाही. दुष्काळी कामावर लोकांनी पाट्या वाहून भराव घातला तेव्हा तळ ओढ्याच्या दोन्ही अंगांनी सावकाश उतरत जाणारा होता. पुढं चाळीसेक वर्षं गाळ बसत गेला आणि तळ आणखी सपाट झाला. पोरं काठावरून चालत जायची. पाणी गुडघ्याला, मग कमरेला, मग छातीला लागायचं. पाय टेकेनासे झाले की मागं फिरायची. नंतर गाळ काढायची कामं निघाली. २०१७ पासून सरकारची "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" योजना आली, त्याच्या आगेमागे गावोगावी लोकवर्गणीतूनही जेसीबी लागले. काम चांगलंच आहे. आमच्याकडची कितीतरी बरड रानं त्या गाळानं पिकाखाली आली आणि तलावात पाणीही जास्त दिवस टिकतं. पण जेसीबी गाळ कसा काढतो ते डोळ्यांसमोर आणा. जिथं गाळ चांगला आणि ट्रॅक्टर वळायला जागा, तिथं तो खाली खाली जात राहतो. शेजारी मुरूम नाहीतर खडक लागला की ती जागा तशीच सोडतो. उन्हाळ्याच्या शेवटी तळात सरळ कापल्या भिंतींचे खड्डे राहतात, काही दोन-दोन पुरुष खोल. मधून ट्रॅक्टरसाठी ठेवलेली बोळासारखी वाट. पावसाळ्यात हे सगळं पाण्याखाली जातं आणि वरून तलाव पूर्वीसारखाच दिसतो.

असा एक खड्डा मी स्वतः अनुभवलाय. सात वर्षांपूर्वी, ऑक्टोबरमध्येच. तलाव ओळखीचा, आदल्या वर्षी तिथंच पोरांचं शिबिर घेतलेलं. उन्हाळ्यात गाळ काढलाय एवढं कानावर आलं होतं, पण मी बघायला गेलो नव्हतो. सहा पोरांना काठावर थांबवून पुढं चालत निघालो. पाणी मांड्यांना लागलं, मग कमरेला. पुढचं पाऊल टाकलं ते टेकलंच नाही. डोकं पाण्याखाली गेलं आणि दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत मऊ गाळात रुतले. एक पाय उपसायला जोर लावावा तर दुसरा आणखी आत जात होता. पोरांना शंभरदा सांगितलेलं तेव्हा आठवलं, की गाळात पाय ओढायचे नाहीत, आडवं व्हायचं. अंग पुढं झोकलं, पावलं सरळ ताणली, हातांनी पाणी मागं लोटत राहिलो, तसे पाय सुटले. वर आलो तेव्हा काठापासून फार तर पंधरा फुटांवर होतो. पोरं हसत होती, त्यांना वाटलं सरांनी बुडी मारली. त्यांतला सगळ्यात उंच मुलगा माझ्या खांद्याला लागत होता.

तेव्हापासून माझा नेम आहे. ज्या तलावात पोहायचं तो वैशाखात, आटलेला असताना, पायी फिरून बघायचा. मोबाइलवर व्हिडिओ काढायचा आणि त्यात काठावरचं काहीतरी न हलणारं धरायचं, देवळाचं शिखर, विजेचा खांब, एखादं मोठं झाड. म्हणजे तलाव भरल्यावर "खांबाच्या सरळ रेषेत, काठापासून वीस पावलांवर खड्डा" असं सांगता येतं. खड्ड्यांशिवाय काय काय सापडतं तेही सांगतो. तलाव होण्याआधीची जुनी विहीर, बहुतेक वेळा कठडा ढासळलेली. वेड्या बाभळीचे खुंट, कोयत्यानं तिरके छाटलेले, म्हणजे भाल्यासारखे टोकदार. फुटकी पाइपलाइन, काटेरी तारेचं भेंडोळं, विसर्जनाच्या जागी मूर्तींचे लाकडी सांगाडे.

तुम्ही म्हणाल, दिवाळी तोंडावर आलीय, आता वैशाख कुठून आणू? मग ज्यांनी तो कोरडा पाहिलाय त्यांना विचारा. ज्यांच्या रानात गाळ पडला ते शेतकरी आणि जेसीबीवाला नेमकी जागा सांगतील. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या मेंढपाळाला तर तळातला दगड न् दगड माहीत असतो, कारण उन्हाळाभर तो तिथंच असतो. आणि सासूबाईंना "का नको" ते नीट बसून विचारा. गावातल्या बायकांना धुण्याच्या निमित्तानं काठ पाठ असतो. कुठल्या दगडावर पाय घसरतो, कुठं कुणाची लेक गेली, हे त्यांना आठवत असतं. त्यांच्या नकारामागं बहुतेक वेळा एखादी ठरावीक जागा असते. याशिवाय पुण्यातून निघण्यापूर्वी कॉम्प्युटरवर गुगल अर्थ उघडून जुन्या तारखांची चित्रं बघा. एखाद्या एप्रिल-मेमधलं चित्र मिळालं तर खड्डे, विहीर, ओढ्याचं पात्र बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं.

आता उतरायचं कुठून. पाझर तलाव म्हणजे ओढ्यावर आडवा घातलेला मातीचा भराव. सगळ्यात खोल पाणी भरावाला लागून असतं, जिथं ओढ्याचं पात्र होतं तिथं. पाहुणे नेमके तिथूनच उतरतात, कारण गाडी भरावापर्यंत जाते. भरावाच्या आतल्या अंगाला दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर रचलेले दगड, असतं आणि पाण्याच्या रेषेखाली त्यावर शेवाळ धरलेलं असतं. उतरताना पाय सटकतो, दोन पावलांत पाणी डोक्यावर जातं आणि परत चढताना हाताला धरायला काही मिळत नाही. याच्या उलट शेपटाकडं, जिथून ओढा तलावात येतो तिथं, पाणी उथळ असतं पण गाळ सगळ्यात मऊ, कारण ओढ्यानं आणलेली माती आधी तिथंच बसते. म्हणून मी दोन्हींच्या मधली, कडेची जागा धरतो, जिथं मुरमाड किंवा कातळाचा उतार पाण्यात शिरताना दिसतो. गाई-बैल जिथून पाणी पितात ती जागा सहसा घट्ट असते. म्हशींवरून अंदाज बांधू नका, त्या मुद्दाम चिखलात जातात.

पाझर तलावाचा एक फायदा आहे. पाणी जमिनीत मुरून खालच्या विहिरींना जावं एवढाच त्याचा उद्देश, त्यामुळे बहुतेकांना कालव्यात पाणी सोडायचा दरवाजा नसतो आणि त्या दरवाजाकडं ओढणारं पाणीही नसतं. लघु पाटबंधाऱ्याचा तलाव असता तर मी आवर्तन, म्हणजे शेतीसाठी कालव्यात पाणी सोडायची पाळी, चालू आहे का ते आधी विचारलं असतं. सांडव्यावरून अजून पाणी जात असेल तर मात्र त्या अंगाला फिरकू नका, घोटाभर धार असली तरी.

जागा ठरली की पहिल्यांदा तुम्ही एकट्यानं उतरायचं. अंगात लाइफ जॅकेट, कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक काठावर यजमानांच्या हातात, आणि तुमच्या हातात आठ-दहा फुटांचा बांबू. पाऊल टाकण्याआधी बांबू टेकायचा. घट्ट लागला तर पाऊल, नाहीतर बाजूला. अशी पंधरा-वीस मीटर लांबीची पट्टी तपासून झाली की तिच्या दोन्ही टोकांना काठावर काठ्या रोवून लाल फडकं बांधा. मुलांचं पाणी तेवढंच. हे करायला अर्धा तास लागतो आणि बघणारे गावकरी हसतातही. मी दर वर्षी करतो.

विजेच्या मोटारींचा विचार तर फारच थोडे लोक करतात. आपल्याकडं तलावाच्या काठाला शेतकऱ्यांच्या मोटारी असतात, केबल पाण्यातून गेलेली असते आणि तिला दोन-तीन ठिकाणी चिकटपट्टी गुंडाळून जोड दिलेले असतात. जोड उघडा पडला की आसपासच्या पाण्यात करंट उतरतो. माणसाच्या अंगातून वीज गोड्या पाण्यापेक्षा सहज जाते, त्यामुळे ती अंगातूनच वाट काढते. हातपाय आखडतात, पोहता येत नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं दमून बुडाला. "आत्ता लाइट नाही" यावर विसंबू नका. बऱ्याच मोटारींना ऑटो स्टार्टर असतो, लाइट आली की मोटार आपोआप सुरू होते. तुमच्या जागेच्या पन्नास मीटरच्या आत मोटार किंवा केबल असेल तर जागा बदला. बदलता येत नसेल तर मालकाला गाठून मोटारीच्या फ्यूजचे किटकॅट काढायला सांगा आणि तुम्ही बाहेर येईपर्यंत ते त्यांच्या खिशात राहू द्या. गावाकडं एवढं कुणीही आनंदानं करतं, फक्त विचारावं लागतं. पाण्यात मुंग्या आल्यासारखं वाटलं तर पुढं जायचं नाही, जिथून आलात तिकडंच परत फिरायचं.

मासेमारीचंही विचारून ठेवा. तलाव बहुधा एखाद्या मच्छीमार संस्थेला किंवा ठेकेदाराला दिलेला असतो. तंगुसाची, म्हणजे बारीक पारदर्शक नायलॉनच्या धाग्याची, जाळी संध्याकाळी लावतात आणि सकाळी काढतात. ओला तंगूस पाण्यात अजिबात दिसत नाही. थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या रांगेनं तरंगताना दिसल्या की खाली जाळं आहे असं समजायचं. अडकलात तर गोल फिरू नका, त्यानं गुंडाळी वाढते. थांबा, उताणं व्हा, हळूहळू आलात तसे मागं या. या कारणानं मी सकाळी ९ ते ११ ही वेळ धरतो. जाळी निघालेली असतात, ऊन आलेलं असतं आणि वारा अजून सुटलेला नसतो. शेवाळ आणि पाणवनस्पतीच्या झुपक्यांनाही हाच नियम लागू, झटापट करायची नाही, पाय कमी हलवत हातांनी निघायचं.

आता तुमच्या पोहण्याकडं येतो. २५ मीटरच्या टँकमध्ये १ किलोमीटर म्हणजे ४० वेळा भिंत. प्रत्येक भिंतीला क्षणभर विसावा मिळतो आणि पायानं ढकलून चार-पाच मीटर फुकट मिळतात. तलावात भिंत नाही. शिवाय टँकमध्ये तळाची रेघ दिसत असते. तलावात डोकं पाण्यात घातलं की कोपराच्या पुढचा स्वतःचा हात दिसत नाही. त्या मातकट हिरव्या अंधारात पहिल्यांदा छातीत धस्स होतं, श्वास तोकडा होतो आणि माणूस घाईघाईनं हात मारायला लागतो. पट्टीच्या पोहणाऱ्यांचं हे होताना मी पाहिलंय, यात कमीपणा काही नाही. म्हणून पहिली पाच-सात मिनिटं पोहायचंच नाही. छातीभर पाण्यात उभं राहायचं, तोंड पाण्यात घालून बुडबुडे सोडायचे, मग उताणं पडून आभाळ बघत श्वास शांत होऊ द्यायचा. नंतर काठाला समांतर पोहायचं, पलीकडच्या काठाकडं नाही. पाण्यावरचं अंतर नेहमी कमी भासतं. वारा पाठीवर घेऊन निघालेला माणूस भराभर लांब जातो आणि येताना तोच वारा आणि लाटा तोंडावर घेतो. दर आठ-दहा हातांनंतर नजर वर करून काठावरची खूण बघायची. कमरेला केशरी फुगा, ज्याला टो फ्लोट म्हणतात, बांधलात तर दमल्यावर धरायला होतो आणि काठावरून तुम्ही कुठं आहात ते दिसत राहतं.

पायात गोळा आला तर काठाकडं धडपडू नका. उताणं व्हा, पायाचा अंगठा धरून स्वतःकडं ओढा, अर्ध्या मिनिटात सुटतो. कपड्यांचं सांगायचं तर गावात कॉस्च्यूम घालणं अवघड वाटलं तर घट्ट लेगिंग आणि अंगाला बसणारा पूर्ण बाह्यांचा टीशर्ट चालतो. साडी, ओढणी, घेरदार कुर्ता नको. ओलं कापड पाण्यात खाली ओढतं ही समजूत बरोबर नाही, पण ते हातापायांत गुंतवतं आणि बाहेर निघताना जड होतं. भरावावरून मुटका नाही, सूर तर नाहीच. तळ न दिसणाऱ्या पाण्यात डोक्यावर उडी मारून मान गेलेली पोरं मी पाहिलीत, ती बुडाली नाहीत पण पुन्हा उठून चाललीही नाहीत.

मुलांचं आणि लाइफ जॅकेटचं. जॅकेट घ्याच, दोघांनाही. पण पुरे होईल का या प्रश्नाला माझं उत्तर नाही असं आहे. जॅकेट वजनाप्रमाणे घ्यावं लागतं, वयाप्रमाणे नाही. घालून पट्टे आवळल्यावर खांद्याला धरून वर उचलून बघा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते पाण्यातही तसंच सरकेल आणि मूल खालून निसटेल. लहान मुलाच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. दंडाचे हवेचे फुगे आणि ट्यूब तलावात वापरू नका. फुगे निसटतात, ट्यूब उलटी होते आणि वारा दोन्ही आत नेतो. सासरे कदाचित पाठीला डबा किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे बिंडे बांधू म्हणतील. विहिरीत, कमरेला दोर आणि वर शिकवणारा असताना मीही तसंच शिकवलंय आणि ती पद्धत उत्तम आहे. तलावात ती नको, कारण डबा गळायला लागला तर काठ हाताशी नसतो. धाकट्याला जॅकेट असतानाही तुमच्या हाताच्या अंतरात ठेवा. मुलीसाठी माझी पट्टी सांगतो. टँकमध्ये टीशर्ट आणि हाफ पँट घालून, भिंतीला हात न लावता २०० मीटर, त्यानंतर लगेच ५ मिनिटं उभ्यानं तरंगणं आणि १० मिनिटं उताणं पडून राहणं. एवढं जमलं तर ती माझ्याबरोबर तलावात उतरते. पुण्यात अजून वेळ आहे, करून बघा.

यजमानांना पोहता येत नाही असं तुम्ही काहीसं वाईट वाटून लिहिलंय. मला मात्र त्या दिवशी सगळ्यात जास्त भरवसा त्यांच्यावर ठेवायचाय. आपल्याकडं एका वेळी तिघं-चौघं बुडतात ते असं: एक जण घसरतो, दुसरा त्याला धरायला जातो, तिसरा दुसऱ्याला. बुडणारा माणूस जे हाताला लागेल त्याच्यावर चढतो, त्यात पोहणाराही खाली जातो. काठावर बसलेला, पाण्यात न उतरण्याचं पक्कं ठरवलेला, हातात दोर असलेला माणूस ही साखळी तोडतो. त्यांच्यासाठी सामान सांगतो. गोडेतेलाचा रिकामा ५ लिटरचा कॅन, झाकण घट्ट, आत तळाला पेलाभर पाणी, कारण अगदी रिकामा कॅन वाऱ्यानं भरकटतो आणि लांब जात नाही. कानाला पंधरा-वीस मीटर नायलॉनचा दोर. असा कॅन साधारण चार-साडेचार किलो भार तोलतो आणि माणसाचं तोंड पाण्यावर राहायला तेवढा आधार पुरतो. कॅन माणसाच्या डोक्यापलीकडं फेकायचा आणि दोर त्याच्यावरून ओढत आणायचा. घराच्या अंगणात दहा-बारा वेळा फेकून बघू द्या, पहिल्या दोन-तीन फेका हमखास वाकड्या जातात. काठावर असताना मोबाइल खिशात, पत्ते नाहीत, गप्पा नाहीत आणि दारू तर घरातल्या कुणीच घेतलेली नको.

त्यांनी नेमकं काय बघायचं हेही सांगून ठेवा, कारण बुडणारा माणूस हाका मारत नाही. एकदा शिबिरात माझ्यापासून दहा-बारा फुटांवर एक मुलगा उभा दिसला. हनुवटी वर, तोंड पाण्याच्या रेषेत, केस कपाळावर आलेले आणि ते बाजूला करायला हात येत नाही. दोन्ही हात पाण्याखाली, शिडी चढावी तसे खाली दाबले जात होते. आवाज अजिबात नाही. मला क्षणभर वाटलं खेळतोय. मी "काय रे?" विचारलं आणि तो काही बोलला नाही, तेव्हा झेप घेतली. तेव्हापासून माझी सवय आहे, प्रत्येकाला सतत नावानं हाक मारत राहायची. ज्याचं उत्तर आलं नाही त्याच्याकडं कॅन. हे सगळं पुरं मिनिटभरही चालत नाही.

आणि वेळ आलीच तर. बाहेर काढलेल्याला उलटं टांगायचं नाही, पोट दाबायचं नाही, मडक्यावर किंवा चाकावर पालथं घालून फिरवायचं नाही. गावाकडं हे अजून करतात आणि त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास चालू नसेल तर उताणं झोपवा, हनुवटी वर करून नाक चिमटीत धरा आणि तोंडानं आधी श्वास द्या, दोन पूर्ण, छाती वर येताना दिसेल असे. मग छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी ३० दाब, मोठ्या माणसाला ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगानं. पुन्हा दोन श्वास. १०८ येईपर्यंत थांबायचं नाही. बुडणाऱ्याला मुळात हवा कमी पडलेली असते, म्हणून नुसते दाब पुरत नाहीत. शुद्धीवर आला, बोलायला लागला तरी दवाखान्यात न्यायचं, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही वाढतो. मोबाइलला तिथं रेंज येते का, हे मात्र उतरण्याआधी बघा.

बाकीचं पटकन सांगतो. परतीच्या पावसाचं गडगडलं की लगेच बाहेर आणि शेवटच्या आवाजानंतर अर्धा तास पाण्यात नाही. मोठा पाऊस झाला तर दोन दिवस थांबा, शिवारातली सगळी घाण तलावात उतरलेली असते. पाण्यावर हिरव्या रंगाची साय आणि कुबट वास असेल तर त्या काठाला जाऊ नका, त्या शेवाळाच्या काही जाती विषारी असतात. अंगावर ताजी जखम असेल तर त्या दिवशी पोहणं नको, जनावरं डुंबतात तिथं लेप्टोचा, म्हणजे जनावरांच्या मुतातून पाण्यात येणाऱ्या जंतूंच्या तापाचा, धोका असतो. नाकात पाणी जाऊ न देण्यासाठी नाकाची क्लिप बरी. केरळात नाकावाटे मेंदूत जाणाऱ्या अमिबाचे रुग्ण सापडलेत. तो आजार अगदी दुर्मीळ आहे, पण क्लिप स्वस्त आहे. घरी परतल्यावर चार आठवड्यांत कुणाला ताप आला तर डॉक्टरांना "तलावात पोहलो होतो" हे आपणहून सांगा. गावाचं पिण्याचं पाणी त्याच तलावातून जात असेल किंवा मनाईचा फलक असेल तर प्रश्नच मिटला, पोहायचं नाही. सांगलीच्या कृष्णेकाठचं किंवा चिपळूणच्या वाशिष्ठीकाठचं कुणी हे वाचत असेल तर तिथं मगरी आहेत, तिथं माझा सल्ला वेगळा असेल.

एक गोष्ट मात्र निक्षून. हे सगळं वाचून कुणीतरी म्हणेल, तलावाची एवढी कटकट नको, आपल्या शेततळ्यात पोहू, पाणी स्वच्छ आहे. शेततळ्यात उतरायचं नाही, तुम्हीही नाही. आतून प्लास्टिकचा कागद, तीव्र उतार, वर शेवाळाचा बुळबुळीत थर. काठ हातभर अंतरावर असतो आणि पट्टीचा पोहणारासुद्धा त्यावर चढू शकत नाही, नखं रुतत नाहीत. मी अशा एका तळ्यात काठाला समांतर, कागदावर बोटांच्या रेघा उमटलेल्या बघितल्यात. सासऱ्यांचं शेततळं असेल तर दिवाळीत जाल तेव्हा चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडून वर खुंटीला पक्के बांधा आणि एका कोपऱ्यात जुने टायर दोरानं जोडून शिडी करा. दोन तासांचं काम आहे, मुलांनाही मदतीला घ्या.

तर ताई, आता मला एवढं कळवा. तलावातला गाळ शेवटचा कुठल्या वर्षी आणि कुठल्या अंगानं काढला, काठावर मोटारी किती आणि कुठं आहेत, आणि सासूबाई नेमक्या कुठल्या जागेला नको म्हणतायत. भरावावरून काढलेला एक फोटोही टाका, दोन्ही कडा दिसतील असा. म्हणजे कुठून उतरायचं ते बघून सांगतो.